अळ्यांना उन्हाची सवय

३० मार्च, रविवार (पाडवा)

गुढी उभारली, कडुलिंबाचा पाला सगळ्यांनी तोंडं वाकडी करून खाल्ला आणि लगेच वाद सुरू झाला. सणावाराला आमच्या घरात एवढं तरी नियमित घडतं.

विषय अर्थातच रेशमाच्या अळ्या. आमच्या सूनबाईंनी, म्हणजे प्रतिक्षाने, दोन वर्षांपूर्वी माझ्याकडून एक एकर मागून घेतलं आणि त्यात तुती लावली. विहिरीजवळ पत्र्याचं शेड उभारलं. शेडमध्ये रॅक, रॅकवर अळ्या, आणि अळ्यांच्या दिमतीला ही नांदेडची बी.एस्सी. झालेली बाई! पावसाळ्यात आणि थंडीत कोष चांगले निघाले, हे मी नाकारत नाही. आता म्हणते, एप्रिलची बॅच घ्यायची नाही. का? तर ऊन आहे.

"मामा, चाळीसच्या वर पारा गेला की ह्या अळ्या टिकत नाहीत. अजीजभाईसुद्धा उन्हाळ्यात शेड बंद ठेवतात."

अजीज हा आमचा बांधशेजारी. तोही अळ्या पाळतो आणि उन्हाळाभर लिंबाखाली बाज टाकून पडतो. त्याचा दाखला ही मला देते. मी हिंगोलीच्या कॉलेजात अकरावी-बारावीला जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. अनुकूलन हा धडा तर मी पुस्तक न उघडता शिकवायचो. उंट वाळवंटात राहतो, निवडुंग खडकावर उगवतो आणि ह्यांच्या अळ्यांना मात्र आमच्या डोंगरकडा गावचं ऊन सोसवत नाही!

मी स्पष्ट सांगितलं, उन्हाळ्याची सुट्टी मागणारा धंदा मला नको. एप्रिलची बॅच घ्यायची. जमली तर तुती राहील. फसली तर अक्षय तृतीयेला तुती उपटून तिथे पूर्वीसारखी हळद लावायची.

सोमेश्वर, आमचे चिरंजीव, हिंगोलीला मोबाइलच्या दुकानात नोकरीला आहेत आणि रविवारी जेवायला येतात. ते मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाले, "बरं होईल. शेड बंद झालं तर प्रतिक्षालाबी हिंगोलीला नेता येईल." डेपोच्या मागे त्याच्या दोन खोल्या आहेत. प्रतिक्षाचा चेहरा उतरला. लग्नानंतर सहा महिने ती तिथे राहिली होती. खिडकी उघडली की समोर भिंत. दिवसभर करायचं काय, हा प्रश्न. ती म्हणाली, "मला इथंच राहायचंय." मी म्हटलं, मग इथं राहायचं असेल तर इथल्या उन्हाला तोंड द्यायला शीक.

आमची मंडळी, चतुराबाई, पुरणपोळी वाढत होती. ती काही बोलली नाही. तिचा हाच गुण मला आवडतो. रिसोडकडून लग्न होऊन आली तेव्हा वर्षभर मुसमुसायची. पाणी खारं लागतं म्हणायची, घर अंधारं म्हणायची, स्वयंपाक करताना गाणी म्हणायची त्याचा मला वाचताना त्रास व्हायचा. हळूहळू सगळं बंद झालं. कशी रुळली! वर्गात बायकोचं उदाहरण देता येत नाही म्हणून उंटाचं द्यावं लागलं.

५ एप्रिल, शनिवार

बॅच आली. एखादा जावई यावा तशी तयारी. पत्र्यावर हळदीचा वाळलेला पाला अंथरला, खिडक्यांना ओली पोती लावली, आणि प्रतिक्षाच्या माहेरून लग्नात आलेला कूलर थेट शेडमध्ये. मला आत जायचं तर जंतू नकोत म्हणून चुन्याच्या निवळीत पाय बुडवून जायचं! प्रयोगशाळेत ज्याने हजारो पोरांना शिस्त लावली त्याला ही कालची पोर पाय धुवायला सांगते.

अजीज पाला कापायला मदत म्हणून आला होता. मी त्याला म्हटलं, "अजीज, हे जरा जास्तच लाडावणं नाही का?"

म्हणाला, "सर, देशी पिवळी अळी असते न, ती उन्हाळा काढते. पर तिचा कोष इतकुसा. ही पांढरी रेशीम भरपूर देते, पर नाजूक आहे. दोन्ही गुण एका अळीत मागून कसं जमन?"

प्रतिक्षाने लगेच री ओढली. म्हणे, अळी पाला खाते तो एवढाच. त्यातलं अंगातली गर्मी सोसायला खर्च झालं की रेशमाला कमी पडतं. म्हणजे आता अळ्यांचीही आणेवारी काढायची. आळशी माणसाला शास्त्र सापडलं की काय होतं त्याचा हा नमुना.

११ एप्रिल, शुक्रवार

प्रतिक्षा नांदेडला गेली. तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, पाच-सहा दिवस लागतील. जाताना तिने चतुराबाईला दोनदा सगळं समजावून सांगितलं आणि मला तीनदा. कूलर सुरू ठेवा, पोती ओली ठेवा, पाला तीन वेळा टाका. एसटीच्या पायरीवर उभी राहूनही तेच. "मामा, तुमच्या भरवशावर सोडून चाललेय." मी हो म्हटलं. भरवसा ठेवायला माणूस तिने योग्य निवडला होता.

संध्याकाळी शेडमध्ये उभा राहिलो. कूलरच्या गार वाऱ्यात अळ्या आरामात पाला कुरतडत होत्या. मला आमच्या मिरचीच्या रोपांची आठवण झाली. इथला कोणीही शेतकरी लावणीच्या आधी रोपांचं पाणी तोडतो. रोपं दोन दिवस माना टाकतात, मग राठ होतात आणि शेतात गेल्यावर ऊन झेलतात. लाडात वाढलेलं रोप पहिल्याच दुपारी आडवं होतं. हे सगळ्या पंचक्रोशीला कळतं, पण अळीच्या बाबतीत मात्र कोणालाच सुचलेलं नाही. आश्चर्य आहे. सुनेला परत आल्यावर दाखवतो अनुकूलन म्हणजे काय ते.

पश्चिमेची पोती आजच काढली.

१२ एप्रिल, शनिवार

कूलर बंद केला. बंद पडलेल्या कूलरची मोटर जाम होते, म्हणून तो माझ्या खोलीत आणून लावला. यंत्र चालतं राहिलेलं बरं. दुपारी झोप छान लागली.

अळ्यांची प्रगती उत्तम. काल खात होत्या त्यापेक्षा जास्त भराभर खात आहेत. पाला टाकला की सर्‌सर् आवाज येतो. ऊन लागलं की भूक वाढते, साधी गोष्ट आहे. अजीजला बोलावून दाखवावं असं वाटलं, पण त्याच्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही.

दुपारी पत्र्याखाली उभं राहवेना, म्हणून पाहणी दारातूनच केली.

१३ एप्रिल, रविवार

उरलेली पोतीही काढली. चतुराबाई घागर घेऊन उभी होती. "पोरगी सांगून गेली. पाणी मारू का पोत्यावर?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "लई तापलंय वो आत." मी म्हटलं, तापू दे, सवय होईल. मग तिने पुन्हा विचारलं नाही. घागर ओट्यावर ठेवून आत गेली. मी एकदा सांगितलं की तिला पुरतं, पोरांना दहादा सांगावं लागायचं.

ती स्वयंपाकघरात फरशीवर झोपते. तिला उकाडा जाणवत नाही.

प्रतिक्षाचा फोन आला. व्हिडिओ कॉल करून अळ्या दाखवा म्हणाली. मी म्हटलं, शेडमध्ये रेंज नाही. रेंज होती. पण शस्त्रक्रिया अर्धी झालेली असताना नातेवाइकांना आत बोलवत नाहीत.

१४ एप्रिल, सोमवार

काही अळ्यांनी खाणं सोडलं. रॅकच्या काठाला येऊन डोकं वर करून बसल्या आहेत. चतुराबाई दोनदा येऊन दारातून बघून गेली. घाबरण्याचं कारण नाही. अळी कात टाकायच्या आधी खाणं सोडते आणि डोकं वर करून निश्चल बसते, हे मी पोरांना आकृतीसह शिकवलेलं आहे. म्हणजे कात टाकण्याची वेळ आली. वेळापत्रकाच्या थोडी आधी आली, एवढंच. उन्हामुळे वाढ लवकर झाली असणार.

१५ एप्रिल, मंगळवार

सकाळपासून आभाळ भरून आलं. वाऱ्याचं नाव नाही. दुपारी चार थेंब पडले आणि जमिनीतून वाफ निघाली. हा प्रकार मात्र मी धरलेला नव्हता. मी अळ्यांना कोरड्या उन्हाची सवय लावत होतो आणि वर हे दमट सुरू झालं. हवामानाला काही रीत उरलेली नाही.

शेडला वास येतो आहे. पाला सडला असावा.

अजीज वासावरूनच आला असावा. दारातून आत पाहिलं आणि म्हणाला, "सर, कूलर कुठाय?"

मी म्हटलं, "आहे."

कूलर माझ्या खोलीत सुरूच होता. अजीजने आवाजाच्या दिशेला मान वळवली. मग म्हणाला, "सर, झाडावरली अळी असती तर सावलीला सरकली असती. पानाखाली गेली असती. हिला आपुन रॅकवर ठेवलंय. हिला तर चार बोटं सरकून पाला शोधता येत न्हाई. ही कुठं जाईन?"

ह्या प्रश्नाचं उत्तर देण्याची गरज मला वाटली नाही. आपुन म्हणे! अळ्या कुणाच्या, शेड कुणाचं, आणि हा आपुन म्हणून मोकळा.

रात्रीचं जेवण गेलं नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

प्रतिक्षा आली. पिशवी अंगणात टाकून थेट शेडकडे धावली. ह्या वेळी तिने चुन्याच्या निवळीत पाय बुडवले नाहीत, हे माझ्या लक्षात आलं.

सगळ्या रॅकवर एकच चित्र होतं. अळ्या मऊ पडलेल्या, काळवंडलेल्या, तोंडातून हिरवं पाणी सुटलेलं. तिने एक उचलली तर ती बोटातच फुटली. ती रडेल असं मला वाटलं होतं आणि त्यासाठी मी दोन-चार शब्दही तयार ठेवले होते. ती रडली नाही.

"मामा, कूलर?"

चतुराबाईने नुसता हात करून माझी खोली दाखवली. हात मात्र चांगला लांब केला.

मी प्रयोगामागची भूमिका सांगितली. मिरचीची रोपं, पाणी तोडणं, हळूहळू वाढवलेली उष्णता, पहिल्या दोन दिवसांत वाढलेली भूक. ढग आले नसते तर निकाल वेगळा लागला असता, हेही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "उंट एका उन्हाळ्यात उंट झाला का, मामा?"

मी म्हटलं, "सुरुवात कुठेतरी करावीच लागते."

"ह्यांचं अख्खं आयुष्य महिनाभराचं. त्यात तुम्ही ह्यांना काय काय शिकवणार होता? आणि ज्या शिकल्या नाहीत त्या मेल्या. सगळ्याच मेल्या. मग शिकलं कोण?"

वर्गात असं उलट बोलणाऱ्याला मी बाकावर उभं करायचो. इथे बाक नव्हता.

दोघी सासू-सुनांनी विहिरीच्या पलीकडे खड्डा खणला, अळ्या टोपल्यांनी नेऊन टाकल्या, वर चुना भुरभुरला. चतुराबाई ह्या वयात खड्डा खणते आहे हे बरं दिसेना, म्हणून मी आत येऊन बसलो.

२० एप्रिल, रविवार

सोमेश्वर आला. मी विषय काढला. ठरलं ते ठरलं, बॅच फसली, अक्षय तृतीयेला तुती निघेल.

"बॅच मी नाही फसवली," प्रतिक्षा म्हणाली.

"कोणामुळे फसली हे अटीत नव्हतं."

सोमेश्वरने तिला म्हटलं, "चल हिंगोलीला. कशाला जिवाला तकलीफ करून घेऊन राहिली?" ती म्हणाली, "तुम्हाला माझी तकलीफ अळ्या मेल्यावर दिसली का?" मग तो मोबाइलकडे वळला. हाही त्याचा एक गुण आहे, कोणाकडून घेतला कोण जाणे.

जून लागला की नवीन बॅच घेते, तोवर तुती राहू द्या, असं तिने मला दोनदा विनवलं. तुती एकदा मुळापासून काढली की नवी लावून पाला मिळायला पुन्हा वर्ष जातं, म्हणे. मला हे माहीत आहे. शब्द फिरवण्याची मला सवय नाही, आणि ह्या वयात ती लावून घेण्याची इच्छाही नाही.

२३ एप्रिल, बुधवार

शेड धुण्याचं काम सुरू आहे. जे शेड बंद होणार ते धुवायचं कशाला? पण सकाळी दोघी तिकडे जातात त्या अंधार पडताना येतात. परवापासून चतुराबाईने अंथरुणही तिकडेच नेलं. खिडक्या उघड्या टाकल्या की तिथे वारा येतो, म्हणाली. तिला वारा लागतो हे मला नवीनच होतं.

कूलर प्रतिक्षाने उचलून नेला. विचारलंही नाही.

२६ एप्रिल, शनिवार

आज चहा स्वतः केला. साखर सापडली नाही. तीन डबे उघडले, तिन्हींत डाळी. घरात वस्तू ठेवण्याची काही पद्धत असावी की नाही? बिनसाखरेचा चहा तब्येतीला चांगला असतो, म्हणून तसाच घेतला. अर्धा ओतून दिला.

दुपारी घरात फार ऊन येतं. पूर्वी येत नव्हतं. मग आठवलं की दुपारी खिडक्या ओढून पडदे ओले करण्याचं काम कोणीतरी करत असे. स्वतः करून पाहिलं, पाणी गादीवर सांडलं.

एक शंका मनात येते ती लिहून ठेवतो. त्या अळ्या डोकं वर करून बसल्या होत्या, ती कात नसावी. तेव्हाच मला तसं वाटलं होतं का? बहुतेक वाटलं होतं. पण इतके दिवस केलेला प्रयोग मध्येच सोडायचा कसा?

३० एप्रिल, बुधवार (अक्षय तृतीया)

सकाळी गावातल्या भीमराजचा ट्रॅक्टर बोलावला होता. पूजा आटोपून मी बांधावर गेलो तर तुतीच्या पहिल्या ओळीत दोघी बसलेल्या. प्रतिक्षा उभी राहिली. चतुराबाई बसूनच राहिली, पदर डोक्यावर, जणू बाजाराला जाताना जीपची वाट बघते आहे.

भीमराजने ट्रॅक्टर बंद केला. मी त्याला म्हटलं, सुरू कर. तो म्हणाला, "माय बसली नं सर पुढं."

मग मी प्रतिक्षाला समजावायचं ठरवलं. आवाज चढवला नाही. म्हटलं, "हे बघ, हिंगोलीला गेलीस तर चार महिने जड जाईल. मग रुळशील. प्रत्येक जीव रुळतो. तुझ्या आत्याबाईंकडे बघ. रिसोडहून आली तेव्हा पाण्यापासून तक्रार होती. आज चाळीस वर्षं झाली, एक शब्द नाही. ह्याला म्हणतात जुळवून घेणं."

चतुराबाईने माझ्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे असं सरळ शेवटचं कधी पाहिलं होतं ते मला आठवेना.

"मला सवय झाली न्हाई," ती म्हणाली.

मी विचारलं, "कशाची?"

"कशाचीच. पाणी आजबी खारंच लागते मले. घरात अंधारच वाटते. म्या बोलायचं सोडलं, एवढंच."

भीमराज स्टिअरिंगकडे बघत होता. मी हळू आवाजात म्हटलं, "मग तेव्हाच सांगायचं होतं."

"सांगितलं की. वर्षभर सांगितलं. मंग तुमी म्हणले, सवय होईल." ती जराही चिडली नव्हती. ताट वाढलंय असं सांगावं त्या आवाजात बोलत होती. "त्या अळ्याबी आधी लई आवाज करून राहिल्या होत्या खाताना. मंग गप झाल्या. तुमाले वाटलं, रुळल्या. मले माहीत होतं त्या मरून राहिल्या. माहीत असून म्या घागर खाली ठेवली. पोरीचं नुकसान म्याबी केलं. आता न्हाई उठत मी हितून."

मग तिने भीमराजला सांगितलं, "जा बाबा, घरी जा. सणाचा दिवस हाय."

भीमराजने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ट्रॅक्टर मागे घेतला आणि निघून गेला. मी त्याला हाक मारू शकलो असतो. मारली नाही.

प्रतिक्षा खाली बसली आणि तिने सासूचा हात धरला. तुती राहिली, हे उघड आहे. जूनमध्ये बॅच येईल. त्यावर मला काही म्हणायचं नाही, आणि म्हटलं तरी कोणी विचारणार नाही.

घरी येऊन बसलो आहे. मला राग आला, हे खरं. त्याच्या आधी भीती वाटली, हेही खरं. एकतीस वर्षं मी वर्गात अनुकूलन शिकवत आलो, आणि माझ्याच घरात त्या नावाखाली रोज नुसतं गप्प बसणं माझ्या ताटात वाढलं जात होतं, मी त्याला गुण म्हणत होतो. हे वाक्य लिहून मी दोनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

चतुराबाई घरी परत येणार की शेडमध्येच राहणार, हे विचारायला मी संध्याकाळी विहिरीपर्यंत गेलो होतो. आतून गाण्याचा आवाज येत होता. आवाज फुटलेला, सूर चुकणारा, पण तिचाच. मी दाराबाहेर उभा राहिलो, आणि विचारलं तर ती खरं काय ते सांगेल म्हणून न विचारता परत आलो.